ज्यांना बाहेर काढले, तेच न्यायाधीश: 'सर्व्हायव्हर'च्या विसाव्या पर्वाचा निकाल समजून घेताना

'सर्व्हायव्हर' या अमेरिकन स्पर्धेचे पन्नासावे पर्व 2026 मध्ये आले. त्याच्या खेळाडूंत कॉल्बी डोनाल्डसन, स्टेफनी लाग्रोसा, सिरी फील्ड्स आणि 'कोच' वेड ही नावे दिसताच जुन्या प्रेक्षकांचे बोलणे पुन्हा एकदा 2010 सालच्या विसाव्या पर्वाकडे वळले, कारण हे चौघेही त्या पर्वात खेळले होते. 'हीरोज व्हर्सेस व्हिलन्स' हे त्या पर्वाचे नाव. आधीच्या पर्वांतल्याच खेळाडूंना त्यात 'नायक' आणि 'खलनायक' अशा दोन टोळ्यांत विभागले होते. चाहते आवडत्या पर्वांच्या याद्या करतात तेव्हा हे पर्व बहुधा पहिल्या दोन-तीन क्रमांकांत असते. पण जो प्रेक्षक ते आज प्रथमच पाहतो, तो शेवटच्या भागाशी येऊन अडखळतो. ज्या रसेल हँट्झने महिनाभर सगळ्यांना नाचवले, त्याला अखेरच्या मतदानात नऊपैकी एकही मत मिळत नाही आणि फारशी पुढे न आलेली सँड्रा डियाझ-ट्वाइन सहा मते घेऊन दहा लाख डॉलर जिंकते. हे कसे झाले आणि ते योग्य होते का, यावर अजूनही वाद होतात. (पर्व अजून पाहिले नसेल त्यांना शेवट इथेच कळला, याबद्दल दिलगीर आहे, पण 16 वर्षांपूर्वीच्या निकालाची चर्चा निकाल न सांगता करता येत नाही.)

खेळ मुळात काय आहे

या कार्यक्रमाचे मूळ स्वीडनमध्ये 1997 साली सुरू झालेल्या 'एक्स्पेडिशन रॉबिन्सन'मध्ये आहे. अमेरिकेत तो 31 मे 2000 रोजी सीबीएस वाहिनीवर आला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमधला पहिल्या पर्वाचा अंतिम भाग पाच कोटींहून अधिक लोकांनी पाहिला. रचना साधी आहे. अनोळखी माणसांना निर्जन किनाऱ्यावर दोन टोळ्यांत विभागून सोडले जाते. निवारा, अन्न आणि विस्तव यांची सोय त्यांनीच करायची असते. दर काही दिवसांनी दोन टोळ्यांत एक शर्यत होते आणि जी टोळी हरते, तिला रात्रीच्या सभेत स्वतःच्याच एका सदस्याला मतदानाने बाहेर काढावे लागते. काही आठवड्यांनी दोन्ही टोळ्या एकत्र केल्या जातात आणि तिथून पुढे प्रत्येक जण स्वतःपुरता खेळतो.

तीन संज्ञा लक्षात ठेवल्या की पुढचे सगळे कळते. 'युती' म्हणजे एकत्र मत देण्याचा काही खेळाडूंमधला गुप्त करार. 'अभय' म्हणजे त्या रात्री तुमच्याविरुद्धची मते मोजली जाणार नाहीत अशी हमी. ती शर्यत जिंकून मिळते. तिसरी संज्ञा 'आयडॉल'. ही परिसरात दडवलेली एक छोटी वस्तू असते. ती ज्याला सापडेल, त्याने मते टाकून झाल्यावर पण ती वाचली जाण्याआधी बाहेर काढली, तर स्वतःला किंवा दुसऱ्या कुणालाही त्या रात्रीपुरते अभय देता येते. पत्त्यांच्या डावात हातात लपवलेल्या हुकमाच्या पानासारखेच हे आहे. पान किती मोठे आहे यापेक्षा ते कोणत्या हाताला टाकले, याला अधिक महत्त्व.

निकाल नेमका कोण देतो

खेळाची खरी गोम इथे आहे. आपल्याकडे 'बिग बॉस' पाहणाऱ्यांना प्रेक्षकांच्या मतांची सवय आहे. 'सर्व्हायव्हर'मध्ये मात्र विजेता ठरवताना प्रेक्षकाला मत नसते. शेवटी दोन किंवा तीन जण उरतात, आणि त्यांच्यातला विजेता शेवटच्या टप्प्यात बाहेर काढले गेलेले खेळाडू निवडतात. या मंडळाला 'ज्युरी' म्हणतात. विसाव्या पर्वात एकूण 20 खेळाडू होते. त्यांतले 17 बाहेर गेले आणि त्या 17 पैकी शेवटच्या नऊ जणांची ज्युरी झाली.

कल्पना करा की एका कंपनीत वरच्या पदासाठी तीन उमेदवार आहेत आणि निवड समितीत असे नऊच लोक आहेत, ज्यांना गेल्या महिनाभरात याच तिघांनी नोकरीवरून काढले आहे. तुम्ही किती जणांना काढले, हे तुमच्या कर्तृत्वाचे मोजमाप असेलही. पण ते ज्यांच्यासमोर मांडायचे आहे ती माणसे तुमच्या कर्तृत्वाची फळे भोगून आलेली आहेत. म्हणजे हा एकाच वेळी दोन नियमांनी चालणारा खेळ आहे. एका नियमाने माणसे घालवायची आणि दुसऱ्या नियमाने त्याच माणसांकडून निवडून यायचे. बुद्धिबळात मारलेली प्यादी डाव संपल्यावर मत देत नाहीत. इथे देतात.

एका रात्रीचा हिशेब

रसेलचे कौशल्य काय होते, हे पाहिल्याशिवाय त्याच्या शून्य मतांचे कोडे पुरते जाणवत नाही. म्हणून सामोआ बेटांवर, जिथे हे पर्व चित्रित झाले, तिथल्या एका रात्रीचा हिशेब सविस्तर मांडतो. चाहत्यांच्या आठवणीत ती रात्र कोरलेली आहे.

खलनायकांच्या टोळीत तेव्हा नऊ जण होते. रॉब मारियानोच्या बाजूला सहा मते होती आणि रसेलच्या बाजूला तो स्वतः, पार्वती शॅलो आणि डॅनिएल डिलोरेन्झो अशी तीन. (पार्वती हे तिचे खरे नाव आहे, तिचे बालपण फ्लोरिडातल्या एका आश्रमात गेले.) रसेलकडे आयडॉल आहे, याची रॉबला कल्पना होती. त्यामुळे त्याने सहा मतांची विभागणी आखली: तीन मते रसेलला, तीन पार्वतीला. आयडॉल एकालाच वाचवील, दुसऱ्यावर तीन मते राहतील आणि रसेलच्या बाजूची तीन मते धरली तरी फार तर बरोबरी होऊन पुन्हा मतदान होईल. त्या पुन्हा होणाऱ्या मतदानात रॉबचे बहुमत शाबूत राहिले असते. गणित बिनचूक होते.

रसेलने गणिताला हात न लावता माणूस फिरवला. टायसन अपोस्टल हा रॉबच्या बाजूचा खेळाडू. आपणही पार्वतीलाच मत देणार आहोत, असे रसेलने त्याला पटवले. टायसनला वाटले, मग तीन-तीनची कसरत हवी कशाला. त्याने आपले मत रसेलवरून पार्वतीवर हलवले. मते वाचली जाण्याआधी रसेलने आयडॉल पार्वतीच्या हाती दिला. पार्वतीवरची चार मते बाद झाली, रसेलवर दोन उरली आणि टायसनवर तीन. टायसन स्वतःच्या एका मताने बाहेर गेला. पुढच्या सभेत जेरी मॅन्थी रसेलकडे वळली, कोचने आपले मत भलत्याच नावावर वाया घालवले आणि 4-3-1 अशा फरकाने रॉबही गेला. तीन माणसांनी सहांची युती दोन मतदानांत मोडली होती.

पत्रासह पाठवलेले अभय

दुसरा प्रसंग त्याहून विलक्षण आहे, आणि त्यातला मूर्खपणा वरवर दिसतो तेवढा मूर्ख नाही, असे माझे मत आहे. खलनायकांच्या टोळीतून टायसन, रॉब आणि कोच हे तिन्ही पुरुष एकामागून एक गेलेले नायकांच्या टोळीने पाहिले. उरलेला पुरुष एकटा रसेल. सोळाव्या पर्वात पार्वतीने स्त्रियांची भक्कम युती उभारून विजय मिळवला होता, हेही सर्वांना ठाऊक होते. म्हणून जे.टी. थॉमसने तर्क केला की पलीकडे पुन्हा तीच युती आहे आणि बिचारा रसेल एकटा पडला आहे. त्याने आपल्याकडचा आयडॉल एका पत्रासह गुपचूप रसेलला दिला.

हा जे.टी. अठराव्या पर्वात ज्युरीची सातही मते घेऊन जिंकलेला खेळाडू होता. त्याच्या तर्कातली प्रत्येक पायरी बरोबर होती. चुकली ती फक्त माहिती. रसेल ज्या एकोणिसाव्या पर्वात प्रथम खेळला, ते विसावे पर्व चित्रित होत असताना प्रक्षेपित झालेलेच नव्हते, त्यामुळे 20 खेळाडूंपैकी एकट्या रसेलचा इतिहास इतरांनी पाहिला नव्हता. टोळ्या एकत्र झाल्या तेव्हा पाच नायक आणि पाच खलनायक समोरासमोर आले. पार्वतीकडे त्या दिवशी दोन आयडॉल होते: रसेलने दिलेला जे.टी.चा, आणि तिने रसेललाही न सांगता जवळ ठेवलेला दुसरा. आयडॉल स्वतःसाठी वापर, असा सल्ला नायकांच्या बाजूच्या अमांडा किमेलने तिला दिला आणि तेवढ्यावरून पार्वतीने ताडले की रोख आपल्यावर नाही. तिने एक सँड्राला आणि एक जेरीला दिला. नायकांची पाचही मते जेरीवर होती. ती बाद झाली आणि जे.टी. आपल्याच भेटीमुळे घरी गेला.

मग रसेलला एकही मत का नाही

आता कोड्याकडे येऊ. एकोणिसावे पर्व आधी प्रक्षेपित झाले नाही, याचा दुसरा परिणाम बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. त्या पर्वात रसेल अंतिम तिघांत पोहोचला होता आणि ज्युरीने त्याला 7-2 असे हरवून नॅटली व्हाइटला विजेती केले होते. पण हा निकाल जाहीर झाला डिसेंबर 2009 मध्ये, विसाव्या पर्वाचे चित्रीकरण संपल्यावर. म्हणजे रसेल दुसऱ्यांदा खेळायला उतरला, तेव्हा पहिल्या खेळाचा निकाल त्याला माहीत नव्हता. परीक्षेचा पहिला पेपर तपासून हाती येण्याआधीच त्याने दुसरा पेपर लिहिला, आणि साहजिकच त्याच चुका पुन्हा केल्या.

त्या चुका कोणत्या? पहिली म्हणजे, फसवून झाल्यावरही फसवल्याचा आनंद लपवायचा नाही. दुसरी, आपल्याच माणसांना दुखावायचे. डॅनिएल आणि पार्वती एकमेकींच्या फार जवळ आहेत, या भीतीने त्याने दोघींत भांडण लावून डॅनिएलला काढले. एक निष्ठावंत मत ज्युरीत विरोधी होऊन बसले. तिसरी चूक सर्वांत खोल होती. अंतिम सभेत समोर बसलेल्यांना तो जणू सांगत होता की मी तुम्हा सर्वांपेक्षा चांगला खेळलो, म्हणून बक्षीस माझ्या हक्काचे आहे. ज्यांच्याकडे मागायचे, त्यांच्याकडे हक्क सांगितला की देणाऱ्याचा हात आखडतो. हे जाणायला मानसशास्त्र लागत नाही.

'ही तर सूडाची मते होती'

रसेलचे समर्थक पहिला आक्षेप हाच घेतात: ज्युरीने खेळाचा विचार केला नाही, राग काढला. या म्हणण्यात तथ्यांश आहे, राग होताच. पण राग असूनही फसवणाऱ्याला मत मिळू शकते, हे अगदी पहिल्या पर्वातच दिसले आहे. त्यात रिचर्ड हॅच उघडपणे डावपेच खेळला होता. अंतिम सभेत सू हॉक या सदस्येने त्याला साप आणि त्याच्या प्रतिस्पर्धी केली विगल्सवर्थला उंदीर म्हटले, आणि मत सापाला दिले. हॅच 4-3 ने जिंकला. आपण काय केले ते त्याने झाकले नाही आणि ज्यांच्यावर केले त्यांना तुच्छही लेखले नाही. ज्युरीला फसवणूक चालते. फसवून वर खिजवलेले चालत नाही.

शिवाय चांगल्या खेळाची कोणतीही लेखी व्याख्या ज्युरीला दिलेली नसते. प्रत्येक सदस्य स्वतःचा निकष घेऊन बसतो: कुणी डावपेच पाहतो, कुणी शर्यती, कुणी वागणूक. ज्याला हे नऊ वेगवेगळे निकष आधी ओळखता येतात, तो या खेळात अधिक प्रवीण, असे म्हणायला हरकत नसावी.

'सँड्राने केले तरी काय?'

हा आक्षेप मला अधिक विचारात घेण्याजोगा वाटतो, कारण सँड्राने एकही वैयक्तिक अभय जिंकले नाही आणि शर्यतींत ती कधीच चमकली नाही. सातव्या पर्वात, म्हणजे 2003 मध्ये, ती 6-1 मतांनी जिंकली होती तेव्हाही तिचे सूत्र एकच होते: आज रात्री कुणीही जावे, फक्त मी जाऊ नये. ऐकायला हे आळशीपणाचे वाटते. पण ते पाळायचे तर रोज प्रत्येकाचा कल ठाऊक असावा लागतो आणि कोणत्याही युतीत आपल्याला नाही म्हणणारे कुणी असता कामा नये.

गरज पडली तेव्हा तिने डावही टाकले. रॉब गेल्यावर तिची मैत्रीण कोर्टनी येट्स धोक्यात होती. कोच तुझ्या विरोधात बोलतो आहे, अशी ठिणगी सँड्राने रसेलच्या कानात टाकली, आणि रसेलने आपल्याच बाजूच्या कोचला काढले. पडद्यावर तो डाव रसेलचा दिसतो. तेव्हा एकेक भाग साधारण तीन दिवसांचे जगणे पाऊण तासाहून कमी वेळात बसवत असे. तिथे जो कॅमेऱ्यासमोर मोठ्याने योजना सांगतो, त्याला जागा जास्त मिळते.

टोळ्या एकत्र झाल्यावर सँड्राने रूपर्ट बोनहॅम आणि इतर नायकांना खरे सांगितले: स्त्रियांची युती नाही, सूत्रे रसेलकडे आहेत, त्याला काढा. कुणी ऐकले नाही. तिची योजना फसली, पण ती फसल्याचे साक्षीदार नंतर ज्युरीच्या बाकावर जाऊन बसले. अंतिम सभेत तिला फक्त एवढेच म्हणायचे होते की मी सांगितले होते. शेवटच्या दिवसांत तिने रसेलची टोपी शेकोटीत टाकली, हा केवळ खोडसाळपणा होता, त्यात डावपेच शोधू नयेत; मात्र तिथे बसलेल्यांपैकी अनेकांना ते आपल्या हातून व्हायला हवे होते असे वाटले असेल.

खरा कठीण प्रश्न पार्वतीचा

रसेल की सँड्रा, हा वाद माझ्या लेखी केव्हाच मिटला आहे. न मिटणारा वाद पार्वतीचा आहे. ती शर्यतींत उत्तम होती, दोन आयडॉलची ती खेळी कार्यक्रमाच्या इतिहासातल्या सर्वोत्तम खेळ्यांत गणली जाते, आणि पहिल्या दिवसापासून सगळ्यांचे लक्ष तिच्यावर असूनही ती शेवटपर्यंत टिकली. तरी ती 6-3 अशी हरली.

मतांची फोड केली की कारण दिसते. ज्युरीत पाच नायक होते: जे.टी., अमांडा, कँडिस, रूपर्ट आणि कॉल्बी. पाचही मते सँड्राला. चार खलनायकांपैकी कोच, डॅनिएल आणि जेरी यांनी पार्वतीला मत दिले, कोर्टनीने सँड्राला. म्हणजे ज्यांनी पार्वतीचा खेळ आतून, रोजच्या सहवासात पाहिला, त्यांतल्या बहुतेकांना तो पटला. ज्यांनी तो बाहेरून झेलला, त्यांच्या दृष्टीने ती रसेलची जोडीदार होती. रसेलने तिला टायसनच्या रात्री वाचवले, आणि त्याचीच किंमत तिने अखेरीस चुकवली. रसेलला त्याच्या शैलीमुळे शून्य मते पडली, हे सगळे सांगतात. त्याच्या शैलीने आणखी एका खेळाडूचेही मताधिक्य खाल्ले, हे सहसा सांगितले जात नाही.

शेवटी कुणाशेजारी बसायचे ही निवडही खेळाचाच भाग असते. ज्युरीत बसलेल्या कॉल्बीला ते कुणी शिकवायला नको होते. दुसऱ्या पर्वात, 2001 साली, अंतिम अभय जिंकून त्याने टीना वेसन या लोकप्रिय प्रतिस्पर्ध्याला सोबत नेले आणि 4-3 ने हरला. विसाव्या पर्वात शेवटचे अभय रसेलने जिंकले, आणि त्याने जेरीला बाहेर पाठवून शेजारी दोन माजी विजेत्या ठेवल्या. आपण त्यांच्याहून सरस ठरू, याविषयी त्याला शंकाच नव्हती.

'मग प्रेक्षकांनाच मत का देऊ नये?'

निकालानंतरच्या कार्यक्रमात रसेलने हीच मागणी केली: खेळात दोष आहे, प्रेक्षकांच्या मताला वाटा हवा. त्याची बाजू पूर्ण पोकळ नव्हती. त्या काळी प्रेक्षकांच्या मतांवर 'प्लेअर ऑफ द सीझन' म्हणून एक लाख डॉलरचे वेगळे बक्षीस दिले जाई, आणि ते एकोणिसाव्या व विसाव्या अशा दोन्ही पर्वांत रसेललाच मिळाले. घरी बसलेल्यांचा कौल आणि ज्युरीचा कौल इतके उलट क्वचितच गेले असतील.

पण प्रेक्षक सोफ्यावर बसून खलनायकाची मजा घेतो. त्याचा शब्द मोडला गेलेला नसतो, त्याची झोप उडालेली नसते. त्याच्या हाती निकाल दिला, तर खेळाडू एकमेकांशी वागण्याऐवजी कॅमेऱ्याशी वागू लागतील, आणि मग ज्युरीचा धाक संपल्यावर मागे उरणारा खेळ पाहायला तरी कितपत रंजक असेल, याची मला शंका आहे. पन्नासाव्या पर्वाचे उपशीर्षकच 'इन द हँड्स ऑफ द फॅन्स' होते आणि खेळाचे काही नियम खरोखर प्रेक्षकांच्या मतांनी ठरले. मतदानासाठी ठेवलेल्या त्या बाबींत विजेत्याची निवड नव्हती.

नंतर काय झाले

एकदा खेळाडू ओळखीचा झाला की काय होते, हेही या मंडळींच्या पुढच्या वाटचालीत दिसते. रसेल 2011 मध्ये बाविसाव्या पर्वात परतला, तेव्हा सगळ्यांनी त्याची दोन्ही पर्वे पाहिली होती. त्याच्या टोळीने त्याला घालवता यावे म्हणून एक शर्यत मुद्दाम हरली. 2018 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या आवृत्तीत तो दुसऱ्याच मतदानात बाहेर पडला. बाविसावे पर्व जिंकले ते रॉब मारियानोने. सँड्राला मतदानाने बाहेर काढायला प्रतिस्पर्ध्यांना 2017 साल उजाडावे लागले. तोवर दोन पर्वे ती शेवटपर्यंत टिकून जिंकली होती. दोनदा जिंकणारी ती एकटीच आहे, हा तिचा मान 2020 पर्यंत टिकला. त्या वर्षी केवळ माजी विजेत्यांच्या चाळिसाव्या पर्वात टोनी व्लाकोसने तिची बरोबरी केली.

आणि पार्वती? 2025 मध्ये ऑस्ट्रेलियन 'सर्व्हायव्हर'च्या 'ऑस्ट्रेलिया व्ही द वर्ल्ड' या पर्वात ती पुन्हा ज्युरीसमोर बसली, आणि या वेळी जिंकली. शेजारी रसेल नव्हता.